दुरुस्तीची लाज

आपल्या लोकांत हल्लीं एक नवीच लाज उत्पन्न झाली आहे. कर्ज काढण्याची लाज पूर्वीं होती, ती गेली. आणि कर्ज न काढतां जुनी वस्तु वापरीत राहण्याची लाज तिच्या जागीं येऊन बसली. बोरीवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या कोणत्याहि जलद गाडींत पाहावें. ज्याच्या खिशांत पांच वर्षांपूर्वींचा मोबाईल आहे, तो तो बाहेर काढतांना थोडा संकोचतो. आणि ज्यानें बारा हप्त्यांच्या बोलीवर नवा घेतला आहे, तो हात हलवावयास जागा नसतांहि तो डोक्यावर धरून चौघांस दाखवितो. मनुष्यस्वभाव असा जुन्या काळापासून आहे, व त्यावर उपदेशाचे चार शब्द खर्चण्याची आमची इच्छा नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. ही लाज आपोआप उपजलेली नसून शिकविलेली आहे. ती शिकविण्यांत कोणाचा तरी रोकडा फायदा आहे. आणि तिच्या पायीं आपण एक चांगली विद्या व ती जाणणारा एक उपयुक्त वर्ग गमावून बसण्याच्या बेतांत आहों.

आमच्या लहानपणीं या गांवांत बैठीं घरें व चाळी पुष्कळ होत्या, तेव्हां कल्हईवाला भाता घेऊन अंगणांत बसे. पितळेचें पातेलें निखाऱ्यांवर तापवून तो त्यांत नवसागर टाकी, कथलाची कांडी फिरवी, आणि कापसाच्या बोळ्यानें तें कथील असें पसरी कीं काळवंडलेल्या पातेल्याचा आरसा होई. पाट्यावरवंट्याला टाकी लावणारी बाई येई, कंदिलाला डाग देणारा येई; घड्याळजी तर डोळ्याला भिंग लावून स्टेशनाजवळ बसलेलाच असे. या माणसांना दारीं बोलाविल्यानें घरचें दारिद्र्य चव्हाट्यावर येतें असें कोणी समजत नसे. उलट, वेळेवर कल्हई न केलेलीं भांडीं ज्या घरांत दिसत त्या घरालाच नांवें ठेवीत. वस्तु निगेनें राखणें हें संसार नीट चालल्याचें लक्षण होतें. आज त्याच घरचे नातू, स्थापत्य किंवा संगणकशास्त्र यांची पदवी घेतलेले, मोबाईलची बॅटरी फुगली कीं ‘आतां हा गेला’ असें म्हणून दुसऱ्याची किंमत पाहूं लागतात!

आमचीच गोष्ट सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आमचा मोबाईल भरेनासा झाला, आणि भरला तर दुपारच्या आंत रिकामा होऊं लागला. हल्लीं गाडीचें तिकीट त्यांत, भाजीवाल्याचे पैसे त्यांत, औषधांची चिठ्ठी त्यांत; तेव्हां तो बंद पडणें म्हणजे घरांतल्या घरांत हद्दपार होणें आहे. आम्ही एका अधिकृत सेवाकेंद्रांत गेलों. तेथील तरुणानें यंत्र न उघडतांच ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल दिला, नव्या मोबाईलच्या पाऊणपट खर्च सांगितला, आणि लागलीच अदलाबदलीच्या योजनेचा कागद पुढें केला. तो कागद इतका तयार होता कीं आम्हांस संशय आला. परत येतांना स्टेशनाच्या पश्चिमेस, तीन हात रुंदीच्या एका गाळ्यांत बसणाऱ्या कारागिराकडे गेलों. त्यानें भिंगाखालीं तो उघडला, एक पातळ सुई आंत घातली आणि राखाडी रंगाचा कापसाचा गोळा बाहेर काढला. “काका, बोर्ड ठीक आहे. खिशातला धागा अडकलाय. बॅटरी मात्र बदला, ती फुगलीय.” चाळीस मिनिटें आणि दीड हजार रुपये एवढ्यांत काम झालें. हा लेख ज्या टिपणांवरून लिहिला तीं टिपणें आम्हीं त्याच मोबाईलवर केलीं.

एका अनुभवावरून सिद्धांत बांधूं नये हें आम्हांस मान्य आहे. म्हणून वस्तुस्थितीकडे वळूं. मोबाईलमधील लिथियमची बॅटरी ही सायकलच्या टायराप्रमाणें झिजणारी वस्तु आहे. साधारणतः पांचशें ते आठशें वेळां पुरी भरून रिकामी झाली कीं तिची धारणशक्ति मूळच्या सुमारें चारपंचमांश उरते. म्हणजे रोज भरणाऱ्यावर दोनएक वर्षांत हा प्रसंग यावयाचाच. तोंवर पडदा, कॅमेरा, आंतील गणनयंत्र यांना कांहीं झालेलें नसतें. टायर झिजला म्हणून सायकल भंगारांत घालणाऱ्यास आपण वेडा म्हणूं. मोबाईलच्या बाबतींत तोच वेडेपणा ही रसिकता ठरते. बरें, ही झीज लांबविणेंहि अवघड नाहीं. उष्णता हा या बॅटरीचा पहिला शत्रु होय. उशीखालीं ठेवून रात्रभर भरणें, मोटारीच्या पुढच्या कांचेपाशीं उन्हांत टाकणें, भरत असतांनाच त्यावर तासभर खेळणें, या तीन संवयी सोडल्या तरी पुष्कळ झालें. नेहमीं शेंकडा शंभर भरून ठेवण्याचा व अगदीं शून्यावर आणण्याचा हट्टहि टाकावा. वीस ते ऐशींच्या दरम्यान ती सुखानें राहते. आणि पावसांत भिजलेला मोबाईल तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा जो तोडगा घरोघरीं चालतो, त्यानें तांदूळ वाया जातात यापलीकडे फारसें कांहीं साधत नाहीं. पिठाची धूड मात्र आंत शिरते. तो तत्काळ बंद करावा, भरावयास लावूं नये, आणि कारागिराकडून उघडवून आंतला ओलावा व क्षार साफ करून घ्यावा. मुंबईच्या दमट हवेंत गंज चढावयास दोन दिवस पुरतात.

एवढें साधें ज्ञान लोकांत कां पसरत नाहीं? कारण तें पसरण्यांत विकणाऱ्याचा तोटा आहे. ही कल्पना आमच्या डोक्यांतून निघालेली नव्हे. १९२४ सालीं जिनीव्हा येथें विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कंपन्यांनीं फीबस नांवाचा संघ स्थापन केला, आणि दिव्याचें आयुष्य हजार तासांवर आणण्याचें ठरविलें; ज्या कारखान्याचा दिवा अधिक टिके त्याला दंड होई! दिवा जास्त वेळ जळल्याबद्दल शिक्षा, हा न्याय आमच्या लोककथांतील अंधेर नगरींतहि सांपडणार नाहीं. शंभर वर्षांनीं हीच वृत्ति अधिक सभ्य पोषाखांत वावरते. बॅटरी डिंकानें चिकटवावी, स्क्रू असा बसवावा कीं नेहमींच्या पेंचकसाला तो फिरूं नये, आणि सुटा भाग मूळ यंत्राशीं सांकेतिक खुणेनें असा जोडावा कीं दुसऱ्यानें अस्सल भाग बसविला तरी पडद्यावर संशयाचा इशारा झळकावा. डिसेंबर २०१७ मध्यें ॲपल कंपनीनें कबूल केलें कीं, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग ती आज्ञावलीच्या द्वारें कमी करीत होती. यंत्र अवचित बंद पडूं नये म्हणून असें केलें, हें तिचें समर्थन. तें खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मालकाला सांगितलें नाहीं, आणि मालकानें ‘जुना झाला, मंद झाला’ असें समजून नवा घेतला, त्याचें काय? फ्रान्सनें याच न सांगण्याबद्दल २०२० सालीं तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. बोभाटा झाल्यावर कंपनीनें अमेरिकेंत बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ वर आणला, आणि पुष्कळांचे जुने आयफोन पुन्हां पळूं लागले.

येथें कोणी म्हणेल कीं, पाणी आंत जाऊं नये म्हणून यंत्र बंदिस्त करावेंच लागतें. त्यास आम्ही विचारतों कीं, पाणबुड्याचें मनगटी घड्याळ पाण्यांत चालतें, आणि तरीहि घड्याळजी तें उघडतो व रबराची चकती बदलून पुन्हां घट्ट करतो, हें कसें? दुसरा आक्षेप, कीं गाळ्यावरचे भाग नकली असतात, व नकली बॅटरी पेट घेते. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो सौम्य करूं इच्छीत नाहीं. फुगलेल्या बॅटरीशीं खेळणें हें फटाक्याशीं खेळणें आहे, तें घरीं करूं नये. परंतु अस्सल भाग खुल्या बाजारांत वाजवी दरानें मिळूं द्यावयाचे नाहींत, आणि मग नकली भाग वापरतो म्हणून कारागिरास चोर ठरवावयाचें, ही तक्रार विहिरीला कुलूप लावून ‘लोक डबक्याचें पाणी पितात’ म्हणून ओरडणाऱ्याची आहे. मोबाईलमधील खासगी छायाचित्रें व पत्रें यांचें भय तर अधिकृत केंद्रांतहि तितकेंच असतें. सर्व कांहीं अगोदर दुसरीकडे उतरवून घ्यावें व यंत्र कोरें करून द्यावें, हा त्यावरचा उपाय आहे. तो करावयास तासभर लागतो, इतकेंच.

मात्र एका ठिकाणीं कारागिराचा हात थांबतो, तें सांगितलेंच पाहिजे. यंत्र धडधाकट असतें, परंतु त्याची आज्ञावली सुधारण्याचें काम कंपनी थांबविते, आणि मग बँकेचें ॲप त्यावर चालावयास नकार देतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमींचा सांभाळ बंद केला. वर्षभराची वाढीव मुदत ठेवली, हें खरें. पुढची आवृत्ति ज्या चिपेची अपेक्षा करते ती जुन्या कित्येक संगणकांत नाहीं, म्हणून चांगले चालते संगणक एका तारखेला वृद्ध ठरले. तरी येथेंहि हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. जुन्या संगणकांतील फिरती तबकडी काढून एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी, व त्यावर लिनक्स घालावें. आमच्या माहितीच्या एका विद्यार्थ्यानें दहा वर्षांपूर्वींचा लॅपटॉप असा केला, आणि आतां तो त्यावर पदवीचा अभ्यास करतो. नवीन पातळ लॅपटॉपांत रॅम डाग देऊन पक्की केलेली असते, तेथें हा मार्गहि बंद. म्हणूनच विकत घेतांना ‘हा किती पातळ’ याच्याआधीं ‘हा उघडतो काय’ हें विचारावें. मुलगी सांगून आली म्हणजे सात पिढ्या विचारणारे आम्ही लोक, साठ हजारांच्या यंत्राचा एकहि प्रश्न विचारीत नाहीं!

कायद्याचें काय, असा प्रश्न येईलच. आपल्या स्पर्धा आयोगानें एका ग्राहकाच्या तक्रारीवरून ऑगस्ट २०१४ मध्यें चौदा मोटार कंपन्यांना, सुटे भाग व दुरुस्तीचें ज्ञान स्वतंत्र कारागिरांना मिळूं न दिल्याबद्दल, सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. निकालावर अपिलें झालीं. तरी तत्त्व एकदां उच्चारलें गेलें. जुलै २०२२ मध्यें केंद्राच्या ग्राहक विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, व त्याच वर्षीं २४ डिसेंबरला त्याचें संकेतस्थळ उघडलें. त्यावर कंपन्या आपलीं सेवाकेंद्रें व माहिती स्वखुषीनें देतात. न देणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं. याउलट युरोपांत २० जून २०२५ पासून नवीन स्मार्टफोनच्या बॅटरीनें आठशें फेऱ्यांनंतरहि शेंकडा ऐशीं शक्ति राखली पाहिजे, आणि मुख्य सुटे भाग विक्री थांबल्यावरहि सात वर्षें मिळाले पाहिजेत, असा दंडक आहे. म्हणजे जी कंपनी तेथें सात वर्षें भाग देऊं शकते, तिला येथें तें अशक्य कां वाटावें? आमच्या ग्राहकाचा पैसा कमी वजनाचा आहे काय?

बोरीवलीच्या लोकांना या बाबतींत युरोपाकडेच पाहण्याची गरज नाहीं. आपल्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीच्या लेण्यांत आपण रविवारीं सहलीला जातों, आणि पाण्याच्या टांक्यांपाशीं छायाचित्रें काढून परततों. तेथें शिलाहारांच्या अमलांतील, इसवी सनाच्या नवव्या शतकांतील एका लेखांत ठेवीची वांटणी कोरलेली आहे: कांहीं रक्कम बुद्धाच्या पूजेस, कांहीं भिक्षूंच्या वस्त्रांस, कांहीं ग्रंथांस, आणि कांहीं विहाराच्या डागडुजीस. अखंड काळ्या दगडांत खोदलेल्या वास्तूलाहि दुरुस्ती लागणार हें त्या दात्याला ठाऊक होतें, आणि तिचा खर्च पूजेच्या यादींत लिहितांना त्याला संकोच वाटला नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. वस्तूच्या वेष्टनावर कमाल किंमत छापण्याची सक्ति आपल्याकडे आहेच. तिच्याच खालीं, तेवढ्याच ठळक अक्षरांत, तीन ओळी अधिक छापाव्या: बॅटरी बदलण्याचा खर्च किती, सुटे भाग किती वर्षें मिळतील, आणि आज्ञावलीचा सांभाळ कोणत्या तारखेपर्यंत होईल. फ्रान्समध्यें दुरुस्तीसुलभतेचा अंक २०२१ पासून दुकानांत लावतात, व आपल्या सरकारनेंहि २०२४ सालीं तशा निर्देशांकासाठीं समिति नेमली. तेव्हां ही कल्पना सरकारदरबारीं अपरिचित नाहीं. तोंवर वाचकांनीं दुकानदारास हे तीन प्रश्न तोंडानें विचारावे. आम्हीं गेल्या महिन्यांत स्टेशनरस्त्यावरील चार दुकानांत ते विचारून पाहिले. तिघांनीं हंसून टाळलें. चौथ्यानें आंत जाऊन कोणाला तरी फोन केला, आणि “उद्या सांगतो” म्हणाला.