बसून काम, पण किती तास?

आमच्या आईबापांची नोकरी भोंग्याला बांधलेली होती. खडकीचा दारूगोळा कारखाना असो की पिंपरीची कंपनी, पाळी सुटली की माणूस सुटला. आज ताडीवाला रोड, बोपोडी, दापोडीच्या आमच्याच घरांतील मुलेमुली शिकूनसवरून येरवडा-खराडीच्या काचेच्या इमारतींत कामाला जातात. शेजारीपाजारी म्हणतात, "पोरगी एसीत बसते, तिला कसला त्रास?" त्याविषयीच आज चार शब्द.

मोठी सल्लागार कंपनी म्हणजे काय? डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी यांना 'बिग फोर' म्हणतात. दुसऱ्या कंपन्यांचे हिशेब तपासणे, कर आणि कारभाराविषयी सल्ला देणे हा त्यांचा धंदा. त्या वस्तू विकत नाहीत, माणसांचे तास विकतात. कोणत्या गिऱ्हाइकासाठी किती वेळ गेला, ते टाइमशीटमध्ये भरावे लागते. वर पार्टनर, मध्ये मॅनेजर, सर्वांत खाली नवी पोरे. मुदत कबूल करतो पार्टनर आणि ती गाठायला रात्र जागतात खालची पोरे. हाती काम नसले तर 'बेंच'वर बसायचे, त्याची वेगळीच धास्ती. तेथे शिकायला भरपूर मिळते, पगारही बरा असतो, हे खरेच. पण लॅपटॉपबरोबर ऑफिसही घरी येते. भोंगा होतच नाही.

२०२४ साली पुण्यात काय घडले ते आठवा. केरळची २६ वर्षांची सी.ए. तरुणी मार्चमध्ये ईवायच्या पुणे कार्यालयात लागली आणि २० जुलैला वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिले. मुलीच्या छातीत दडपण येत होते. झोप अपुरी आणि जेवण अवेळी होते, असे डॉक्टरांनी सांगितले होते, हे त्यात होते. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे कंपनीने मान्य केले नाही. पुढे कामगार खात्याच्या तपासणीत आढळले, की या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. कार्यालय मात्र २००७ पासून चालू होते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास करण्यास मंजुरी दिली. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना मात्र यातून वगळले आहे. म्हणून नावापुढे 'मॅनेजर' लागले की आनंदाबरोबर नेमणूकपत्रही नीट वाचावे.

हे ४८ तास कोणी दान दिलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आमच्या पोरांना वाटते, आपण कामगार नव्हे, 'प्रोफेशनल' आहोत. महिन्याच्या पगारावर ज्याची चूल पेटते आणि ज्याच्या वेळेवर दुसऱ्याचा ताबा असतो, तो कामगारच. टाय बांधला म्हणून हक्क सुटत नाही.

आणि दोष नेहमी साहेबाचाच असतो असेही नाही. घराचा हप्ता, धाकट्याची फी, बहिणीचे लग्न, सारे एकाच पगारावर टाकून आपण म्हणतो, "एवढी नोकरी सोडू नको हं." मग पोर बोलायचेच थांबते.

म्हणून आयाबापांनो, पगार विचारता तसे तासही विचारा. आज किती वाजता जेवलीस? किती झोपलास? छातीत दुखत असेल तर पित्त म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे न्या. पोरांनो, जादा तास टाइमशीटमध्ये दाखवायला कचरू नका. आपल्या वहीतही तारखेसह मांडून ठेवा. कामगार आयुक्तांचे कार्यालय फक्त कारखान्यातल्या माणसासाठी नाही. चार जणांनी मिळून गेलात तर भीतीही कमी वाटेल. आणि अगदीच असह्य झाले तर घरी सांगा. नोकरी दुसरी शोधता येते, एवढे वाक्य आईबापाच्या तोंडून एकदा ऐकायला मिळाले तरी पोराला मोठा आधार होतो.