वऱ्हाडातला नाटककार वकील

हिवरखेडहून सातपुड्याच्या कडेकडेने पश्चिमेला निघालं की जळगाव जामोद येतं. संगीत नाटकाचा एक मोठा कर्ता याच मुलखात पक्षकारांचे कज्जे चालवत होता, हे आपल्या इकडे फारसं कुणाच्या गावीही नसतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४): जन्म नागपूरचा, बालपण बुलडाण्यातलं, १८९७मध्ये एलएल.बी., मग अकोला, खामगाव, जळगाव जामोद अशी वकिली. एलएल.बी.च्या आदल्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीने त्यांचं ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणलं होतं. पुराणाचा आधार न घेता स्वतः रचलेलं कथानक, कोट्यांनी ठासलेले संवाद आणि पदांना चक्क पारशी-गुजराती रंगभूमीच्या उडत्या चाली! साकी-दिंडीला सरावलेल्या कानांना ही फोडणी झणझणीतच लागली असणार. पुढे ‘मूकनायक’मध्ये दारूचा, ‘मतिविकार’मध्ये विधवाविवाहाचा प्रश्न आला. तिकडे अमेरिकेत ऑस्कर हॅमरस्टाइनने कायद्याचं शिक्षण अर्धवट टाकून संगीतिका लिहिल्या, ‘ओक्लाहोमा!’ (१९४३) त्याची, पण चाली रिचर्ड रॉजर्सच्या. आमच्या कोल्हटकरांनी वकिली सोडली नाही आणि चालीही स्वतःच हुडकल्या. खरं सांगतो, आज ही नाटकं वाचताना कोट्यांचा जाच होतो. ‘सुदाम्याचे पोहे’मधले विनोदी लेख मात्र अजून चवीने वाचता येतात. राम गणेश गडकऱ्यांसारखा नाटककार त्यांना गुरू मानत असे. पुण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं ते १९२७ साली. आणि शाळेत आपले पोट्टे छाती फुगवून म्हणतात, ते ‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्रगीतही याच वकीलसाहेबांचं.