शेणामातीवर घडलेली अत्तराची कुपी

वसमतच्या बाजारात कासार काकणे भरताना एखादे काकण पिचते, माताभगिनी चुकचुकतात आणि काचेचा विषय तिथेच संपतो. आज आम्ही त्याच काचेची एक जुनी हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

ग्रीक मुलखात इ.स.पूर्व सहाव्या शतकापासून पुढे सुमारे पाचशे वर्षे सुगंधी तेलासाठी काचेच्या चिमुकल्या कुप्या बनत. बहुतेक वीतभरही उंच नसत. अंग गर्द निळे, त्यावर पिवळ्या-पांढऱ्या रेघांची नागमोडी नक्षी. ही विद्या मूळची इराक-इजिप्तकडची, त्याच्याही हजार वर्षे आधीची.

काच फुंकून फुगवण्याची युक्ती तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. मग कुपी पोकळ व्हायची कशी? कारागीर धातूच्या सळईच्या टोकाला माती, वाळू आणि शेण कालवून कुपीच्या आकाराचा गोळा बसवी. तो वाळला की त्यावर भट्टीतली वितळलेली काच चढवायची. वरून रंगीत काचेचे धागे गुंडाळायचे आणि ते गरम असतानाच अणकुचीदार हत्याराने वर-खाली ओढायचे, झाली नक्षी. मग गुळगुळीत दगडावर लाटून अंग सारखे करायचे, तोंड नि कान जोडायचे. निववायची मात्र सावकाश, घाई केली की तडकलीच! शेवटी सळई काढून आतला गाभा खरवडायचा. तो पुरता निघत नसे. आजही काही कुप्यांच्या पोटात तो चिकटलेला सापडतो. श्रीमंताच्या अत्तराला शेणामातीचे अस्तर! आम्हाला तर नक्षीपेक्षा हेच जास्त आवडले. कुपीवर करणाऱ्याचे नाव मात्र नसते.

इ.स.पूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला फुंकणीचा शोध लागला आणि ही जुनी पद्धत मागे पडली. कोणी हळहळेल, आम्ही हळहळत नाही. फुंकणीमुळे काच स्वस्त झाली आणि साध्या माणसाच्या घरात पेला आला.

या व्यापाराचा धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो. इ.स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत कच्ची काच आहे आणि थोडे, हलक्या किमतीचे सुगंधी तेलही आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर, असेही त्यात लिहिले आहे. तेरहून पुष्कळ साधे कापड भडोचला जाई.

त्याच सुमारास लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह कोरले गेले. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे आहेत. पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे लोकांना तेव्हा यवन म्हणत. पण त्यांची नावे पाहा: सिहधय, धम्म. दोघेही धेनुकाकट गावचे. त्याच गावचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, सिंहदत्त; त्याने लेण्याचे दार दान दिले. त्या गावचा सामी नावाचा सुतारही तिथे आहे, आणि दार घडवणारा म्हणून त्याचे नाव कोरले आहे. विहाराची सहल कार्ल्याला निघाली तर आत शिरण्याआधी प्रवेशदारापाशी थांबा आणि ही दोन्ही नावे मुलांना दाखवा.