बाराबंदी आणि चौबगला

बाराबंदी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगावं लागत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालूनच निघतात. बारा बंद, सहा गाठी, एकही बटण नाही!

तर मंडळी, असले जुने कपडे हाताने शिवायचं वेड आम्हाला लागलंय. होस्टेलवर 'टेलरमास्टर' ही पदवी डिग्रीच्या आधीच मिळाली. पण चेष्टा करणाऱ्यांनी एकदा जुन्या अंगरख्याच्या काखेतला चौबगला बघावा. कापडाचा एवढासा चौकोन, पण कोनावर बसवलेला. कापड ताण्या-बाण्याच्या दिशेने ओढलं तर फारसं ताणत नाही; उरेब, म्हणजे ४५ अंशांत ओढलं की मस्त ताणतं. म्हणून हात वर केला तरी काखेत उसवत नाही. हेच आपण 'ऑर्थोट्रॉपिक मटेरियल' म्हणून व्हायवाच्या आदल्या रात्री घोकतो. शिवाय बाकीचे भाग सरळ पट्ट्या नि कळ्या, त्यामुळे चिंध्या अगदी थोड्या. (हातमागाचं कापड, वाया घालवणार कोण?)

वर्कशॉपमध्ये फिटिंग आहे, सुतारकाम आहे. सुई नाही, कारण ती म्हणे बायकांची! मग गावोगावचे शिंपी कोण होते?

आमच्या गावच्या शिंपीकाकांनी बेतणी कधी कागदावर उतरवली नाही, सगळं हातात. मुलं दुसऱ्या धंद्याला लागली, आणि आता काकांना सुईत दोरा ओवता येत नाही. या सुट्टीत ड्रॉइंग शीट्स घेऊन त्यांच्याकडे बसणार आहे. ते सांगतील, मी काढीन. शीट्स धरायला कुणी येतंय का?