अर्धा चमचा पाणी

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली की माळे रिकामे होतात. तांब्याचा बंब भंगारात जातो, रेकॉर्ड प्लेअर एखाद्या भाच्याच्या फ्लॅटमध्ये शोपीस होतो आणि आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या स्वेटरच्या घडीत, पत्र्याचा एक चपटा गोल डबा सापडतो. वर इंग्रजी अक्षरं, सोनेरी काठ. झाकण उघडायला नाणं लागतं. आत? कुरकुरीत, काळपट-तपकिरी चुरा. पाइपचा तंबाखू! आणि घरातलं कोणीतरी पुढचं वाक्य बोलतंच, "टाक रे ते, सडलंय सगळं!"

थांबा मंडळी! सडलेलं नाही, सुकलेलं आहे. आजचा सगळा फंडा या फरकातच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकू. पाइप सिगारेटपेक्षा 'क्लासी' दिसत असेल, पण धूर तो धूरच. छातीत ओढला नाही तरी ओठ, तोंड आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच. त्यामुळे हा कॉलम कोणाला पाइप धरायला शिकवण्यासाठी नाही. जे ओढतात त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या हाती असा एखादा डबा वारशाने आलाय त्यांच्यासाठीही.

तर मुद्दा पाण्याचा. तंबाखूचं पान हवेतला ओलावा शोषतं आणि हवा कोरडी असेल तर तो सोडून देतं. कारखान्यातून निघताना पाइपच्या तंबाखूत बऱ्याचदा १५ ते २० टक्के पाणी असतं. डब्याचं सील ढिलं झालं की ते हळूहळू उडतं. असा सुका तंबाखू पाइपमध्ये भरला तर भराभर जळतो, धूर गरम येतो, जिभेला चटका बसतो आणि चव म्हणाल तर जळक्या कागदाची. उलट फार ओला असेल तर पाइप सारखा विझतो आणि नळीत गुळगुळ आवाज करत राहतो. गंमत या दोन टोकांच्या मधे आहे. बऱ्याच पाइपवाल्यांना १३ टक्क्यांच्या आसपासचा ओलावा मानवतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, किचनमधला वजनकाटा पुरे. समजा डबा ५० ग्रॅमचा आहे, कधीच न वापरलेला, आणि भरताना त्यात १८ टक्के पाणी होतं. म्हणजे ९ ग्रॅम पाणी आणि ४१ ग्रॅम कोरडं पान. आज नुसत्या तंबाखूचं वजन भरलं ४४ ग्रॅम. याचा अर्थ ६ ग्रॅम पाणी उडालं, ३ ग्रॅम उरलं. आपल्याला पोचायचंय साधारण ४७ ग्रॅमवर. म्हणजे किती पाणी हवं? ३ मिलिलिटर. चहाचा चमचा असतो ५ मिलिलिटरचा.

बस्स! वीस-तीस वर्षांचा दुष्काळ हटवायला अर्धा चमचा पाणी, वर दोन-चार थेंब. पण ते द्यायचं तीन दिवसांत. घाई केलीत की संपलंच.

कारण पाणी एकदम ओतलं तर वरची पानं भिजतात, आतली कोरडीच राहतात आणि वरच्या ओल्या थराला बुरशी धरते. किटलीच्या वाफेवर धरण्याचा शॉर्टकटही काही जण सांगतात. त्याने पान पटकन मऊ होतं, पण उरलासुरला सुवास वाफेबरोबर उडून जातो. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तेच जायचं.

मग करायचं काय? आपल्या नाक्यावरचा पानवाला बघा. विड्याची पानं तो ओल्या फडक्यात ठेवतो, पाण्यात बुडवून नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकासुद्धा तेंदूची पानं ओलवून मऊ करतात, मगच वळतात. कोरडं पान मोडतं, ओलसर पान वळतं. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त जरा सबुरीने.

काचेचा मोठा बोल घ्या. लोणच्याची बरणी किंवा मसाल्याचा डबा चुकूनही नको, तंबाखू वास लगेच उचलतो. तंबाखू बोलमध्ये सैलसर पसरा. चपट्या वड्यांचा म्हणजे 'फ्लेक' असेल तर आत्ताच कुस्करू नका. सुका असताना त्याची पावडर होते. बोलच्या तोंडावर स्वच्छ मलमलचं फडकं ताणून रबरबँड लावा. फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं हवं आणि ते तंबाखूला टेकता कामा नये. दर दोन-तीन तासांनी कोरड्या हाताने खालवर करा. रात्री फडकं काढून साधं झाकण ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अधूनमधून वजन करत राहा, काटा खोटं बोलत नाही.

दुसरी युक्ती आणखी देशी आहे. दिवाळीतली एखादी कोरी, बिनरंगाची, तेल न लागलेली पणती घ्या. उकळून घ्या, पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, बाहेरून नीट पुसा आणि फॉइलच्या तुकड्यावर ठेवून तंबाखूच्या बरणीत सोडा. भाजलेली माती पाणी सावकाश सोडते. परदेशात याच कामासाठी मातीच्या चकत्या विकत मिळतात! ज्यांना झंझट नको त्यांच्यासाठी ६५ टक्के आर्द्रता राखणारी छोटी पाकिटंही निघाली आहेत. ती ओलावा देतात आणि जास्त झाला तर परत ओढून घेतात. वेळ जास्त लागतो, पण डोक्याला ताप नाही.

सफरचंदाची फोड किंवा बटाट्याचं साल टाकायचा सल्ला हमखास मिळेल. चालतो, पण आपल्या हवेत बुरशीला आवतण दिल्यासारखं आहे. जुलैतल्या मुंबईत तर काहीच करायची गरज नाही. बाहेरचीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बोल काही तास उघडा ठेवला तरी पान नरम पडतं. लक्ष मात्र ठेवा, तिथे प्रॉब्लेम कमी ओलाव्याचा नाही, जास्तीचा आहे. आणि नागपूरकरांनो, मे महिन्यात हा प्रयोग कूलरच्या वाऱ्यात करू नका!

झालं की नाही, हे कसं कळणार? डबा अर्धवट वापरलेला असेल तर वजनाचं गणित चालत नाही. तिथे चिमटीची परीक्षा. थोडा तंबाखू अंगठा आणि बोटात दाबा. कुरकुरला तर अजून सुका. गोळा होऊन तसाच राहिला तर जास्त ओला. दाबला जाऊन सावकाश उलगडला तर जमलं. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून आठवडा-दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा, म्हणजे ओलावा आतपर्यंत सारखा पसरेल. शेरलॉक होम्सची कॉपी करू नका. १८९३च्या 'द मस्ग्रेव्ह रिच्युअल'मध्ये हे महाशय तंबाखू चक्क पर्शियन सपातीच्या टोकात ठेवतात. तंबाखू सुकवायची याहून सोपी रीत नाही.

आता खरं सांगायचं ते. पाणी परत येतं, सगळंच परत येत नाही. व्हॅनिला, चेरी असले वरून दिलेले सुवास आधी उडतात आणि पाण्याने परतत नाहीत. व्हर्जिनिया पानाची गोडसर चव बऱ्यापैकी टिकते. धुरावर सुकवलेल्या लताकियाचा वास मंद होतो, पण ओळख ठेवतो. तेव्हा पहिला झुरका आजोबांच्या काळात नेईल अशी अपेक्षा ठेवू नका.

काही डबे वाचवायचेच नसतात. पानावर कापसासारखी लव, हिरवट डाग, कुबट वास असेल तर ती बुरशी. सगळा डबा फेका, वरचा थर काढून भागत नाही. पानाला टाचणीएवढी भोकं असतील तर किड्याने आधीच पार्टी केलीये. चमचमणारे बारीक स्फटिक असतील आणि वास स्वच्छ असेल तर मात्र काळजी नको, जुन्या तंबाखूवर ते येतात. शंका आली तर फेकलेलं बरं.

आणि अख्खा डबा एका वेळी कधीच नाही. दहा ग्रॅम घ्या, प्रयोग करा, बाकीचा तसाच मिटून ठेवा. तो परत मिळेलच असं नाही. डनहिलसारखं नावही २०१८ मध्ये पाइपच्या तंबाखूवरून गेलं. ती मिश्रणं पुढे पीटरसनच्या नावाने आली, पण जुन्या नावाचा डबा आता जुन्याच ट्रंकेत सापडणार.

घरात कोणी ओढतच नसेल तर? तरीही चिमूटभर ओलवून बघा. सुका तंबाखू मुका असतो, ओलसर झाला की न पेटवताच बोलायला लागतो. आमच्या एका मित्राने असा बोल टेबलावर ठेवला होता. आतल्या खोलीतून त्याची आजी आली आणि कोणी काही सांगायच्या आत म्हणाली, "ह्यांचा कोट कोणी काढला रे?" कोट कधीचाच कोणाला तरी देऊन टाकलेला होता. त्या दिवशी त्या घरात काडी पेटली नाही, आणि डबाही फेकला गेला नाही.

तर या वीकेंडला माळा उपसताना जरा हात आवरा. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, हाताळल्यावर हात धुवा. आणि फेकायचा निर्णय अर्धा चमचा पाणी देऊन झाल्यावर घ्या.