चालतं मशीन भंगारात, कुणाच्या हुकमाने?

14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ची नियमित सुरक्षा अपडेट थांबवली. म्हणून नांदेडच्या वजिराबादेतला किंवा लातूरच्या गंजगोलाईतला एकही संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही ऑनलाइन अर्ज भरले गेले, प्रिंट निघाल्या, टायपिंगच्या बॅच झाल्या. बदललं ते एवढंच की, 'हे मशीन आता गेलं, नवं घ्या' असं म्हणायला सगळ्यांना एक तारीख मिळाली.

माझं भांडण या वाक्याशी आहे. मी नांदेडचा. लातूरला येणं-जाणं असतं. पाहुण्यारावळ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत अनेकांचे लॅपटॉप दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यांतले निम्मेअधिक लॅपटॉप म्हातारे झालेले नसतात. त्यांना म्हातारं ठरवलेलं असतं.

आधी विंडोज 11च्या बाजूचं खरं ते सांगतो. ऑक्टोबर 2021मध्ये आलेली ही सिस्टीम टीपीएम 2.0 नावाची चिप मागते. डिस्कला कुलूप लावलं, की त्याची किल्ली ही चिप सांभाळते. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी तुमच्या फायली उघडत नाहीत. सिक्युअर बूटमुळे मशीन सुरू होतानाच घुसू पाहणाऱ्या व्हायरसला अटकाव होतो. ज्याच्या घरच्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार आणि सगळ्यांची कागदपत्रं आहेत, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. तुमचं मशीन नियमात बसत असेल, तर विंडोज 10वरून 11वर जायला पैसे लागत नाहीत. खुशाल जा.

दुसरीकडे आपल्याकडचा 'काही होत नाही, चालतंय की' पक्षही मला मान्य नाही. जून 2017मध्ये नोटपेट्या नावाच्या व्हायरसने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. तो ज्या भोकातून पसरला, त्यातलं एक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. म्हणजे अपडेट नसलेलं मशीन इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे कडी न लावता गावाला जाण्यासारखं आहे. क्रॅक केलेली विंडोज टाकून घेणारा तर घराची किल्लीच अनोळखी माणसाला देतो.

मग अडचण कुठे आहे? नियमात. विंडोज 11ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी 2017मध्ये आली. त्यामुळे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, असा धडधाकट लॅपटॉप नापास होतो, आणि चार जीबीचा नवा सेलेरॉन पास होतो. दोन्हींवर एकदा एक्सेलची फाइल उघडून बघा. कोण म्हातारं आहे ते लगेच कळेल.

आता याचा हिशेब आपल्या मापाने करू. 2025-26चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. सदतीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे सात क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. आणि ती ऑक्टोबरची तारीख आली कधी? ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने नांदेड-लातूरची शेतं पाण्याखाली गेल्यावर काही आठवड्यांनी. तारीख ठरवणाऱ्याला आपला पाऊस माहीत नव्हता, हा त्याचा गुन्हा नाही. पण ती तारीख आपणही डोळे झाकून पाळायची, हे कुणी ठरवलं?

नव्या सिस्टीमचा आणखी एक तोटा आपल्याकडच्या सवयीमुळे दुप्पट होतो. विंडोज 11ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. आपल्याकडे घरातल्या मोठ्यांना ईमेल नसतो किंवा आठवत नसतो. मग दुकानातला पोरगा 'काका, मी करतो' म्हणून स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतो. अलीकडच्या आवृत्त्यांत अशा नव्या मशीनवर डिस्कचं कुलूप बहुतेक वेळा आपोआप लागतं आणि त्याची 48 आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला, की पडदा ती की मागतो. काकांच्या जमिनीची कागदपत्रं आत आणि किल्ली नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराच्या खात्यात. कुलूप उत्तम आहे, पण किल्ली ज्याच्या नावावर, घर त्याचं.

नापास मशीनचं करायचं काय, याला उत्तरं आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनेच 13 ऑक्टोबर 2026पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केली आहेत. स्वतःच्या खात्याशी सेटिंग्ज जोडल्या, की ती फुकट मिळतात. दुकानात हे फारसं कुणी सांगत नाही, कारण यात विकायला काही नाही. दुसरा रस्ता लिनक्सचा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, व्हिडिओ, लिब्रेऑफिस, इनस्क्रिप्टमधून मराठी टायपिंग, सगळं चालतं. जेईई मेन किंवा सीईटीच्या ऑनलाइन सराव चाचण्यांसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या पोराला याहून जास्त काय लागतं?

पण लिनक्स म्हणजे रामबाण आहे, असं मी सांगणार नाही. टॅली त्यावर सरळ चालत नाही. डीटीपीवाल्यांचे जुने, युनिकोड नसलेले फाँट आणि त्यांत अडकलेल्या हजारो फायली तिथे रडवतात. सगळ्यात मोठा अडथळा सेवा केंद्रांवर येतो. ई-केवायसीसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच असतात. मुखेड किंवा औशातल्या केंद्रचालकाने मनात आणलं तरी त्याला विंडोज सोडता येत नाही.

माझा खरा राग इथे आहे. कंपनी धंदा करणार, ते तिचं कामच. पण शेतकऱ्याला सरकारी मदतीसाठी ज्या दारातून जावं लागतं, त्या दाराचा आकार एका परदेशी कंपनीच्या वेळापत्रकाने का ठरावा? आपल्याकडे पर्याय नव्हता असंही नाही. सी-डॅकने 2007मध्येच 'बॉस' ही लिनक्सवरची भारतीय सिस्टीम आणली. केरळने शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि ते टिकवलं. केरळला जमलं ते आपल्याला न जमण्यासारखं त्यात काय होतं? आपल्याकडे पोरं संगणक शिकतात म्हणजे बहुतेक वेळा विंडोज आणि वर्ड शिकतात, आणि मग आयुष्यभर तेच विकत घेतात.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी पैशातून तयार होणारी प्रत्येक सेवा कोणत्याही सिस्टीमवरच्या ब्राउझरमध्ये चालली पाहिजे. सरकारी योजनेसाठी लागणाऱ्या यंत्राला लिनक्सचा ड्रायव्हर असल्याशिवाय मान्यता मिळू नये. आणि शाळा-कार्यालयांतली नापास मशीनं लिलावात काढण्याआधी त्यांवर दुसरी सिस्टीम चालते का, हे तपासणं सक्तीचं हवं.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय? तुमच्याकडे अँड्रॉइड असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे. 'लिनक्स अवघड असतं' असं म्हणत तुम्ही ते रोज वापरता. आता सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल, तर तुमचा फोनही त्याच रांगेत उभा आहे. स्क्रीन शाबूत, बॅटरी ठीक, तरी 'हे आता गेलं, नवं घ्या'. तेव्हा दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: यात नेमकं काय बिघडलंय, ते दाखव.