देण्याला हंगाम नसावा



सोयाबीन विकून चार पैसे हातात आले की गावात सप्ताहाची वर्गणी चटकन जमते. दिवाळीत दारी आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही. खळ्यावर ज्वारीची रास पडली की मागणाऱ्याच्या पदरात सूपभर धान्य पडतेच. आपला शेतकरी हात आखडणारा नव्हे. पण एका गोष्टीचा विचार करा. आपल्याजवळ असते तेव्हा आपण देतो. ज्याला गरज आहे, त्याला ती नेमकी कधी लागते?

सुगीत मजुराच्या हाताला काम असते, म्हणून त्याची चूलही पेटते. दसऱ्यानंतर घरची कर्ती माणसे ऊसतोडीला गेली की मागे राहिलेल्या म्हातारा-म्हातारीची पंचाईत होते. जूनमध्ये शाळा उघडली की वह्या-पुस्तकांची अडचण येते. मृग कोरडा गेला तर पेरणी नाही, मजुरी नाही, आणि तोवर आपल्याही कणगीचा तळ दिसू लागलेला असतो. देणाऱ्याची सुगी आणि घेणाऱ्याची नड यांची गाठ क्वचितच पडते.

ही गाठ कशी घालावी, ते आपल्या नांदेडातच पाहायला मिळते. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबचा लंगर रोज चालतो. कोणी पीठ देतो, कोणी पैसा, कोणी नुसतीच भाकऱ्या-भांड्यांची सेवा करतो. देणारा आपल्या सवडीने देतो. भुकेल्याला मात्र सवडीची वाट पाहावी लागत नाही. शीख समाजात कमाईचा दहावा हिस्सा बाजूला काढण्याची रीत आहे, तिला दसवंध म्हणतात. उरले तर देऊ, असा तो हिशेब नाही. आधी काढायचे, मग खर्च करायचा. शिवाय पंगतीत सगळे सारखे बसतात, त्यामुळे जेवणाऱ्याची मान खाली जात नाही.

लातूर भागातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. चहूकडून मदत धावून आली. पण 52 गावे नव्या जागी वसवायला पुढची कित्येक वर्षे लागली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुले पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. मदतीची गाडी आठवड्यात पोचते. लेकरू शिकून पायावर उभे राहायला दहा-बारा वर्षे लागतात. तिथे एकदाच दिलेले पुरत नाही.

मग आपण काय करावे? मुष्टिफंडाची रीत महाराष्ट्राला जुनी आहे. रोज दळण किंवा स्वयंपाक काढताना घरच्या बाईने एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकावी. मूठ 50 ग्रॅमची धरली, तरी वर्षाला 18 किलो होते. 50 घरांनी हे केले तर 9 क्विंटल! धान्य वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवले तर आषाढ-श्रावणात कामी येते. वही बचतगटातल्या एखाद्या नेकीच्या बाईकडे द्यावी. जमा किती, खर्च किती, एवढेच चारचौघांत वाचावे. कोणाला दिले त्याचे नाव मात्र वाचू नये.

दोन पथ्ये पाळा. किडके, टाकाऊ धान्य देऊ नका. जे आपल्या ताटात चालते तेच द्या. आणि कर्ज काढून दानधर्म करू नका. ज्याच्या घरी यंदा पिकले नाही, त्याने दुसऱ्याची बैलजोडी अडली असेल तर एक दिवस आपली द्यावी, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे. तेही देणेच आहे.

आपली शेती पावसावरची. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावे लागले, 2025 मध्ये याच मराठवाड्यात पुराने उभी पिके नेली. आज देणारा हात उद्या कोणाचा घेणारा होईल, सांगता येत नाही. म्हणून येत्या सुगीची वाट पाहू नका. मडके आजच मांडा.